परकीय कर्जाच्या कामांतील लबाडी : चौकशी होते, बंदी येते, पण शिक्षा नेमकी कोणाला होते?

पारसिककर (ऐरोली)
सर्वांना नमस्कार. गेली अकरा वर्षे मी महापे येथील एका सल्लागार कंपनीत निविदांची कागदपत्रे तपासण्याचे काम करतो. जागतिक बँक, आशियाई विकास बँक किंवा जपानच्या जायका संस्थेच्या पैशांतून निघालेल्या कामाची निविदा भरायची असली, की प्रत्येक भागीदाराचे आणि उपकंत्राटदाराचे अनुभवाचे दाखले, उलाढालीची प्रमाणपत्रे, बँक हमी असे तीन-चारशे कागद माझ्या टेबलावरून जातात.

गेल्या महिन्यात एका उपकंत्राटदाराने दिलेला पाणीपुरवठा योजनेचा काम पूर्ण झाल्याचा दाखला माझ्या हाती आला. लेटरहेड बरोबर होते, गोल शिक्का बरोबर होता, खाली कार्यकारी अभियंत्याची सही होती. फक्त दाखल्यावर जी तारीख होती त्या दिवशी रविवार होता. मनात पाल चुकचुकली, म्हणून त्याच कंत्राटदाराने तीन वर्षांपूर्वी दिलेली फाईल कपाटातून काढली. तिच्यात त्याच कार्यालयाचा आणखी एक दाखला निघाला. दोन्हींवर जावक क्रमांक एकच, कामाचे नाव एकच, पण जुन्यावर रक्कम ४२ लाख आणि नव्यावर ४ कोटी २० लाख. एक शून्य वाढले होते आणि त्या एका शून्याने तो माणूस पात्रतेच्या अटीत बसत होता.

वरिष्ठांना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी त्या उपकंत्राटदाराला निविदेतून वगळले आणि ‘आता हा विषय इथेच संपला’ असे सांगितले. माझ्या मनातून तो संपलेला नाही. अशी लबाडी या संस्थांच्या नियमांत लाचेच्या बरोबरीची मानतात का? आणि चौकशी होऊन जी बंदी येते, ती खऱ्या दोषी माणसापर्यंत पोहोचते का, की नावाच्या पाटीवरच थांबते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कोपरी_पूल
चांगला विषय. वाचतो आहे.

ताळेबंद (नौपाडा)
पारसिककर, मी सनदी लेखापाल आहे आणि अशा प्रकल्पांच्या लेखापरीक्षणात काही वर्षे काढली आहेत, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे देऊ शकतो. जागतिक बँकेच्या नियमांत दंडनीय वर्तनाचे पाच प्रकार आहेत. लाच देणेघेणे हा त्यांतला एक. खोटेपणा हा दुसरा, तुमचा दाखला तिथे बसतो. तिसरा म्हणजे आपसांत संगनमत, ज्याला आपल्याकडे सगळे ‘रिंग’ म्हणतात. चौथा धाकदपटशा, आणि पाचवा चौकशीत अडथळा आणणे, म्हणजे कागद जाळणे, साक्षीदाराला दटावणे किंवा बँकेच्या तपासनीसांना हिशेबाच्या वह्या दाखवायला नकार देणे. वह्या तपासण्याचा हक्क निविदेच्या अटींतच लिहिलेला असतो. निविदेवर सही केली की तो मान्य केला असे धरतात. प्रत्यक्षात बंदी आलेल्या प्रकरणांत लाचेपेक्षा खोट्या कागदांचीच संख्या मोठी आहे, कारण लाच रोखीने अंधारात दिली जाते आणि कागद मात्र फाईलमध्ये बसून राहतो.

यात एक बारकावा तुमच्या वरिष्ठांनी जरूर लक्षात घ्यावा. खोटेपणाच्या व्याख्येत ‘जाणूनबुजून’ या शब्दाच्या शेजारीच ‘बेपर्वाईने’ हा शब्द आहे. दाखला दुसऱ्याने बनवला होता, आम्ही फक्त जोडला, एवढे म्हणून मुख्य निविदाकाराची सुटका होत नाही. समोर रविवारची तारीख आणि एकच जावक क्रमांक असूनही तो कागद पुढे गेला असता, तर प्रश्न तुमच्या कंपनीला विचारला गेला असता.

आता प्रक्रिया. तक्रार आली की बँकेचा सचोटी विभाग तपास करतो. पुरावा पुरेसा वाटला की प्रकरण निलंबन अधिकाऱ्याकडे जाते. हा अधिकारी तपास विभागाच्या हाताखाली नसतो. त्याला पुरावा पटला, तर तो नोटीस काढतो आणि बहुतेक वेळा त्याच दिवसापासून त्या कंपनीला नव्या कामांतून तात्पुरते बाहेर ठेवतो. कंपनीला ३० दिवसांत लेखी खुलासा देता येतो आणि ९० दिवसांच्या आत प्रकरण निर्बंध मंडळापुढे नेता येते. या मंडळावर बँकेच्या नोकरीत नसलेली माणसे बसतात आणि ती सगळा पुरावा नव्याने पाहतात. पुराव्याची कसोटी फौजदारी खटल्यासारखी ‘निःसंशय’ अशी नसते. घडल्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त आहे एवढे दिसले तरी पुरते.

शिक्षा सौम्य हवी असेल तर जाहीर ताकीद देतात. नेहमीची शिक्षा तीन वर्षांच्या बंदीची असते. मात्र तीन वर्षे भरली म्हणून बंदी आपोआप उठत नाही. कंपनीने आपला कारभार सुधारल्याचे बँकेच्या अनुपालन अधिकाऱ्याला, म्हणजे नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, पटवून द्यावे लागते.

कोपरी_पूल
म्हणजे तुरुंग नाहीच?

विधिज्ञ_बेलापूर
नाही. बँकेला पोलिसांचे अधिकार नाहीत. तिची बंदी प्रशासकीय स्वरूपाची असते : आमच्या पैशाच्या कामात तुम्ही यापुढे नको, एवढाच तिचा अर्थ. गुन्हा दाखल करणे हे त्या त्या देशाच्या यंत्रणेचे काम, आणि बँक आपले निष्कर्ष त्या यंत्रणेकडे पाठवू शकते. पुढे ती यंत्रणा हलते की नाही, हे त्या देशावर अवलंबून.

या ठिकाणी लेसोथोचे उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेला हा डोंगराळ देश, लोकसंख्या सुमारे २० लाख, म्हणजे आपल्या ठाणे-नवी मुंबईएवढीही नसेल. तिथल्या जलप्रकल्पाच्या प्रमुखाने परदेशी कंपन्यांकडून स्विस बँकेतील खात्यांत पैसे घेतले होते. लेसोथोच्या सरकारी वकिलांनी स्वित्झर्लंडमधून त्या खात्यांचे उतारे मिळवले, २००२ मध्ये त्या अधिकाऱ्याला शिक्षा झाली आणि पाठोपाठ कॅनडाच्या अ‍ॅक्रेस कंपनीलाही त्याच देशाच्या न्यायालयाने दोषी ठरवले. जागतिक बँकेने त्याआधी याच कंपनीची चौकशी करून पुरावा अपुरा असल्याचे म्हटले होते. न्यायालयाचा निकाल आल्यावर तिने प्रकरण पुन्हा उघडले आणि २००४ मध्ये अ‍ॅक्रेसवर तीन वर्षांची, तर २००६ मध्ये जर्मनीच्या लाहमायर कंपनीवर सात वर्षांची बंदी घातली. अनेक बलाढ्य देशांना जे जमले नाही ते या लहानशा देशाच्या न्यायसंस्थेने करून दाखवले, याचे मला आजही फार अप्रूप वाटते.

आपल्याकडे लोकसेवकाने लाच घेतली तर १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागतो आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणारी व्यापारी संस्थाही थेट त्याच्या कक्षेत आली आहे. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी कराराला २०११ मध्ये मान्यता दिली. मात्र परदेशी अधिकाऱ्याला दिलेल्या लाचेसाठी आपल्याकडे अद्याप स्वतंत्र कायदा नाही, आणि आपल्या कंपन्या आज आफ्रिकेपासून नेपाळपर्यंत कामे घेत असताना ही मोठी उणीव आहे.

खारेगावचा_गणेश
वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण मला वेगळे म्हणायचे आहे. मी स्वतः लहान कंत्राटदार आहे, नळजोडण्यांची आणि गटारांची कामे करतो. या सगळ्या बंदीचा फटका आमच्यासारख्यांनाच बसतो. मोठी कंपनी पकडली गेली की ती वकिलांची फौज उभी करते, समझोता करते आणि पुन्हा उभी राहते. २००९ मध्ये सीमेन्सने जागतिक बँकेशी समझोता केला, १५ वर्षांत १० कोटी डॉलर भ्रष्टाचारविरोधी कामांसाठी द्यायचे कबूल केले आणि दोन वर्षे स्वतःहून बँकेच्या निविदांपासून दूर राहिली. तीन वर्षे काम बंद राहिले तर लहान माणसाचे दुकानच बंद होते. त्याच्याकडे ना वकील, ना अनुपालन अधिकारी.

आणि कधी कधी आरोपच टिकत नाहीत. बांगलादेशच्या पद्मा पुलाचे १२० कोटी डॉलरचे कर्ज बँकेने जून २०१२ मध्ये भ्रष्टाचाराच्या कटाचे कारण देऊन रद्द केले. २०१७ मध्ये कॅनडाच्या न्यायालयात आरोपी, त्यांत तिथल्या एसएनसी-लव्हालिन या अभियांत्रिकी कंपनीचे माजी अधिकारी होते, निर्दोष सुटले. मग ते कर्ज रद्द करण्याची भरपाई कोणी करायची?

ताळेबंद
गणेशराव, तुमच्या पहिल्या मुद्द्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. बँकेच्या अनुपालनाच्या अपेक्षा कंपनीच्या आकारमानाप्रमाणे ठरतात, असे नियम सांगतात खरे, पण इंग्रजीतली नोटीस हातात पडल्यावर पहिल्या तीस दिवसांत काय करायचे, हे कळण्याइतकी माणसे लहान फर्मकडे नसतात. बरेच जण घाबरून उत्तरच देत नाहीत आणि बंदी विनाविरोध कायम होते. निविदा निघते त्या वेळीच लहान कंत्राटदारांना मराठीत या अटी समजावून सांगणारी दोन तासांची बैठक घेतली, तर यातली कितीतरी प्रकरणे घडणारच नाहीत.

पद्मा पुलाबाबत मात्र थोडे थांबा. कॅनडाचा खटला कोसळला, कारण दूरध्वनी संभाषणांचा चोरून मिळवलेला पुरावा न्यायाधीशांनी ग्राह्य धरला नाही, आणि त्याशिवाय सरकारी पक्षाकडे फारसे काही उरले नाही. तो फौजदारी खटला होता, तिथली कसोटी कडक. दुसरीकडे एसएनसी-लव्हालिनच्या उपकंपनीने २०१३ मध्ये बँकेशी समझोता करून दहा वर्षांची बंदी स्वीकारली, त्यात पद्मा पुलाबरोबर कंबोडियातील एका कामाचाही समावेश होता. म्हणजे ‘सगळे खोटेच होते’ असेही म्हणता येत नाही आणि ‘गुन्हा सिद्ध झाला’ असेही नाही. बांगलादेशने तो पूल स्वतःच्या पैशाने बांधला आणि २५ जून २०२२ रोजी तो खुला झाला, ही गोष्ट त्या देशाच्या अभिमानाची आहेच.

विधिज्ञ_बेलापूर
‘चोरून मिळवलेला’ या शब्दावर माझी हरकत आहे. पोलिसांनी न्यायालयाची परवानगी घेतली होती. ती ज्या माहितीच्या आधारे मागितली तो आधारच तकलादू होता, असे न्यायाधीशांनी ठरवले. त्यात बरीचशी ऐकीव माहिती आणि अफवा होत्या. तपास करणाऱ्याने ऐकीव गोष्टींवर इमारत उभारली की पुढे खरी असलेली वीटही पडते.

ताळेबंद
बरोबर आहे, शब्द चुकला. दुरुस्तीबद्दल आभार.

ओवी_नेरूळ
मी हिशेबातली नाही आणि कायद्यातलीही नाही. २००३ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने राज्यात ‘जलस्वराज्य’ प्रकल्प सुरू झाला, तेव्हा मी एका संस्थेकडून गावपातळीवर काम करत होते. त्या प्रकल्पात गावाची पाणीपुरवठा समिती असे, महिलांची समिती असे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला गावातल्याच लोकांची सामाजिक लेखापरीक्षण समिती असे. कागदावर हे फार सुंदर दिसते. बऱ्याच गावांत या समितीच्या सह्या घरोघर फिरून गोळा केल्या जात, हेही मी पाहिले आहे.

पण एका गावात वेगळे घडले. सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव, जून तोंडावर आलेला, टाकीपासून वाडीपर्यंत चर खणून नळ टाकणे चालू होते. समितीतल्या एक मावशी, वय साठीच्या आसपास, शाळा चौथीपर्यंत झालेली, सभेत वाचून दाखवलेले बिल त्यांनी नीट ऐकले होते. बिलात ‘सहा किलोचा पाइप’, म्हणजे सहा किलोचा दाब सोसणारा, असे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चरात उतरल्या, पदराने पाइपवरची ओली माती पुसली आणि पाइपच्या अंगावर छापलेली रेघ वाचायला मला हाक मारली. छाप चार किलोचा होता. पाण्याचा दाब सोसण्याची ताकद कमी, भिंत पातळ आणि किंमतही कमी. मावशींनी चर बुजवू दिला नाही. दोन तास त्या तिथेच बांधावर बसून राहिल्या. शेवटी पुरवठादाराचा माणूस आला, ‘चुकून भलती गाडी आली’ म्हणाला, आणि चौथ्या दिवशी सगळे पाइप बदलून गेले.

त्या प्रकरणाची कुठल्याही यादीत नोंद नाही. पारसिककर, तुमची रविवारची तारीख वाचली आणि मला त्या मावशींचा माती पुसणारा हात आठवला. चर बुजल्यावर तपास करायला वॉशिंग्टनहून कोणी येईल तेव्हा त्याला बिलच दिसेल, पाइप दिसणार नाही.

खारेगावचा_गणेश
ताई, अगदी खरे. चार किलो आणि सहा किलो हा आमच्या धंद्यातला सर्वांत जुना खेळ आहे. मावशींना माझा नमस्कार.

वाशीचे_काका
मी निवृत्त स्थापत्य अभियंता. मोजमाप पुस्तकात, म्हणजे झालेल्या कामाची मापे लिहायच्या वहीत, आयुष्य गेले. ओवीताईंनी जे लिहिले त्याचाच मोठा अवतार जानेवारी २००८ मध्ये जाहीर झालेल्या अहवालात दिसतो. जागतिक बँकेने भारतातील पाच आरोग्य प्रकल्पांची कसून छाननी केली होती : क्षयरोग, मलेरिया, एड्स, अन्न-औषध तपासणी, आणि ओरिसातील रुग्णालये. ओरिसात तपासनीसांनी ५५ रुग्णालये प्रत्यक्ष जाऊन पाहिली. त्यांतल्या ९३ टक्के ठिकाणी दोष सापडले : गळणारी छते, ढासळणारे स्लॅब, न चालणारे नळ आणि वीज, काही ठिकाणी तर कामच झालेले नाही. यांपैकी कितीतरी कामांना ‘समाधानकारक पूर्ण’ असा दाखला मिळालेला होता.

हा दाखला कोण देतो? आमच्यासारखा अभियंता देतो. मोजमाप पुस्तकात नोंद करताना शाखा अभियंत्याने जागेवर टेप लावायची असते आणि उपअभियंत्याने त्यातली काही मोजमापे स्वतः पुन्हा घेऊन पाहायची असतात. मी अशी पुस्तके पाहिली आहेत, ज्यांत पावसाळ्यातल्या आठ दिवसांच्या नोंदी एकाच शाईने, एकाच बैठकीत, एकही खाडाखोड न करता लिहिलेल्या आहेत. जागेवर घेतलेल्या मोजमापाच्या पानाला चिखलाचा डाग असतो, घामाने अक्षर फुटलेले असते. कोऱ्या करकरीत पुस्तकाचा मला नेहमी संशय आला.

पारसिककरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आता येतो, कारण माझी खरी तळमळ तिथे आहे. बँकेची बंदी कंपनीवर येते, कंपनीच्या मालकावर किंवा एखाद्या व्यक्तीवरही येऊ शकते. परंतु सरकारी अधिकाऱ्यावर बँक बंदी घालत नाही. ज्या सहीवर देयक निघाले, ती सही करणारा माणूस तिच्या हाताबाहेर असतो. त्याच्यासाठी खातेनिहाय चौकशी आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभाग हे आपलेच मार्ग उरतात, आणि ते किती वर्षे चालतात हे मी सांगायला नको. शिवाय पैसा कर्जाचा असतो. निविदेत गैरप्रकार झाल्याचे ठरले, तर बँक तेवढ्या रकमेचे कर्ज रद्द करते किंवा सरकारकडून परत मागते. म्हणजे छत गळते ओरिसातल्या बाळंतिणीच्या खाटेवर आणि पैसे भरायचे करदात्याने. या अन्यायाचे उत्तर मला कुठल्याही नियमावलीत सापडलेले नाही.

मुंब्रा_देवी_रोड
काका, प्रतिसाद मनाला भिडला. माझा एक रोखठोक प्रश्न. बँकेवर कोण लक्ष ठेवते? तिचे स्वतःचे लोक धुतल्या तांदळासारखे असतात का?

विधिज्ञ_बेलापूर
नसतात, आणि याची उदाहरणे जाहीर आहेत. सत्यम कॉम्प्युटरवर बँकेने २००८ मध्ये आठ वर्षांची बंदी घातली, ती बँकेच्या कर्मचाऱ्यांना अनुचित लाभ दिल्याबद्दल होती. ते प्रकरण कुठल्या प्रकल्पाचे नव्हते, बँकेच्या स्वतःच्या संगणक सेवांच्या खरेदीतले होते. (२००९ च्या जानेवारीत उघड झालेला सत्यमचा हिशेब घोटाळा वेगळा, दोन्हींची गल्लत करू नये.) संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्प सेवा कार्यालयात सुमारे सहा कोटी डॉलर एकाच परिवाराशी संबंधित कंपन्यांत गुंतवले गेले आणि मे २०२२ मध्ये त्या कार्यालयाच्या प्रमुखांना पद सोडावे लागले.

या संस्थांना कायदेशीर संरक्षणही मोठे असते. पद्मा पुलाच्याच खटल्यात आरोपींनी बँकेच्या तपासाची कागदपत्रे मागितली, तेव्हा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, बँकेला ती द्यायला भाग पाडता येणार नाही, असा निर्णय दिला. तपास करणाऱ्याचे दप्तर आरोपीला पाहता येत नाही, ही गोष्ट वकील म्हणून मला खटकते. मात्र १९९६ पूर्वी भ्रष्टाचार हा शब्दच बँकेत उच्चारला जात नसे, तो राजकारणाचा विषय मानला जाई. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी त्याला कर्करोग म्हटले आणि तिथून ही सगळी यंत्रणा उभी राहिली. २०१२ पासून निर्बंध मंडळाचे निर्णय पूर्ण मजकुरासह प्रसिद्ध होतात. ते कोणालाही वाचता येतात आणि ज्यांना निविदांचे काम आहे त्यांनी ते वाचावेतच.

कोपरी_पूल
बंदी आली की बायकोच्या नावाने नवी कंपनी काढली तर? आमच्याकडे सर्रास चालते.

ताळेबंद
नियम त्यासाठीच लिहिलेला आहे. बंदी त्या कंपनीच्या ताब्यातील इतर कंपन्यांवर आणि तिच्या वारसदार कंपनीवरही लागू होते. पण पत्ता एक, संचालक तेच, यंत्रसामग्री तीच, हे शोधून काढायला कोणीतरी कागद उघडून पाहावे लागतात. शिवाय ९ एप्रिल २०१० च्या करारानुसार जागतिक बँक, आशियाई, आफ्रिकी, आंतर-अमेरिकी विकास बँका आणि युरोपची पुनर्बांधणी बँक एकमेकींची बंदी मानतात. एकीने वर्षभराहून जास्त काळासाठी बाहेर काढले की बाकीच्या चौघींचे दारही बहुधा बंद होते.

घणसोली_सेक्टर_नऊ
आपल्या अटल सेतूला जायकाचे कर्ज आहे. ती या पाच जणींत नाही. मग तिथे या बंदीच्या यादीचा उपयोग शून्य?

ताळेबंद
ती करारात नाही, हे खरे. पण तिच्या निविदांच्या अटींत, विकास बँकांच्या या परस्पर बंदीत सापडलेल्या कंपनीला अपात्र धरण्याचे कलम असते. त्यामुळे उपयोग शून्य नाही.

सावली_पाचपाखाडी
इतके वाचल्यावर मला एका तरुणाचा उल्लेख करावासा वाटतो. सत्येंद्र दुबे. कानपूरच्या आयआयटीतून शिकलेला अभियंता. सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातली निकृष्ट बांधणी आणि उपकंत्राटांतील गैरव्यवहार त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहून कळवले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट कार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी पहाटे गयेत त्यांचा खून झाला. वय अवघे तीस-एकतीस. पुढे न्यायालयाने तो लुटीच्या हेतूने झालेला खून ठरवून तिघांना शिक्षा दिली, परंतु नाव उघड करण्याचा अपराध ज्या टेबलांवर घडला त्यांचे काय झाले, हा प्रश्न तसाच राहिला. त्यानंतर २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे गुप्तपणे तक्रार करण्याची सोय झाली. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संसदेत संमत झाला, पण तो अमलात आणण्याची अधिसूचना निघालेली नाही.

पारसिककर, तुम्ही काय करावे हे मी सांगणार नाही. तुमच्या घरी कोण आहे, कर्ज किती आहे, हे मला ठाऊक नाही. कोणी ‘तक्रार करा’ असे सहज लिहू नये, एवढीच सर्वांना विनंती.

वाशीचे_काका
सावलीताईंशी पूर्ण सहमत. त्या दिवशीचे वर्तमानपत्र मी अजून जपून ठेवले आहे.

पारसिककर (ऐरोली)
सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सांगण्यासारखे काही हाती यायला हवे होते.

ताळेबंद यांच्या प्रतिसादातला ‘बेपर्वाईने’ या शब्दाचा परिच्छेद मी छापून वरिष्ठांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग आमच्या कंपनीच्या नावाने, रीतसर जावक क्रमांक घालून, दाखला देणाऱ्या कार्यालयाला पडताळणीचे पत्र गेले. कोणावर आरोप नाही, फक्त ‘सोबतच्या दोन दाखल्यांपैकी आपल्या कार्यालयाने कोणता दिला आहे, कृपया कळवावे’ इतकेच. एकोणीस दिवसांनी उत्तर आले. ४२ लाखांचा दाखला त्यांचा आहे. दुसऱ्याची त्यांच्या नोंदवहीत नोंद नाही, आणि त्याची प्रत ते पुढील कार्यवाहीसाठी त्यांच्या वरच्या मंडळ कार्यालयाकडे पाठवत आहेत.

मधल्या काळात त्या उपकंत्राटदाराचा मला फोन आला. तो आवाज चढवून बोलेल असे मला वाटले होते, पण तो रडवेला झाला होता. चाळीस माणसे हाताखाली आहेत, मोठ्या कामाची अट इतकी वर ठेवली आहे की ४२ लाखांच्या दाखल्यावर कोणी दारातही उभे करत नाही, एका एजंटने पंचवीस हजारांत हा कागद करून दिला, असे त्याने सांगितले. गणेशराव, मला तुमचे म्हणणे त्या वेळी पटले. आणि तरीही, ४२ लाखांचे काम केलेला माणूस ४ कोटींचे पाइप पुरेल अशा तऱ्हेने अंथरू शकेल का, ही काळजी खरीच आहे. मी त्याला सांगितले की खरा दाखला घेऊन आमच्याकडे ये, लहान पॅकेजमध्ये तुझे नाव घालण्यासाठी मी स्वतः प्रयत्न करीन, आणि त्या एजंटचे नाव मला लेखी दे. पहिले त्याने मान्य केले. दुसऱ्यावर तो गप्प झाला.

तो एजंट हाच आता माझा प्रश्न आहे. त्याने असे कागद आणखी किती जणांना करून दिले असतील?

खारेगावचा_गणेश
मी त्याला ओळखत असण्याची शक्यता आहे. इथे नाव लिहिणार नाही. मला निरोपातून तुमचा नंबर द्या. मी आणि आणखी दोघे असे आम्ही तिघे मिळून लेखी द्यायला तयार आहोत, एकट्याने नाही.

विधिज्ञ_बेलापूर
तिघांनी मिळूनच द्या. प्रत्येकाने फक्त स्वतः पाहिलेले लिहा, ऐकलेले लिहू नका, आणि प्रत्येक कागदाची तारीख व जावक क्रमांक वेगळ्या पानावर उतरवून आणा. खोटा दाखला बनवणे हा पोलिसांत तक्रार देण्याजोगा गुन्हा आहे. बँकेच्या सचोटी विभागाकडे नाव न देताही कळवता येते, पण तो मार्ग नंतरचा. शनिवारी दुपारी चारनंतर माझे बेलापूरचे कार्यालय उघडे असते. मसुदा मी करून देतो, त्याचे शुल्क नको.

ओवी_नेरूळ
शनिवारी मीही येते. मराठीतला मसुदा सोप्या भाषेत लिहायला माझी मदत होईल.